सुई जिथं शांत झाली

"मॅडम, पाट लेके धूप में कायकू बैठे?"

फोनवर रेड्डी सर होते. भर दुपारी मी गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरातला जेवायचा पाट घेऊन लाल मुरमावर उकिडवी बसले होते. कुण्या भल्या माणसानं माझा फोटो काढून थेट हैदराबादला पाठवला होता. आमच्याकडं बातमी विजेच्या आधी पोचते.

"केबल शोधायले, सर."

"पाटावर?"

"पाटावर कंपास आहे. लोखंडावर ठेवता येत नाही त्याला."

रेड्डी सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त घाईत जन्मलेला. बिदरकडं, खटकचिंचोळीच्या पुढं माळावर आमचा सोलर प्लांट आहे. त्याचा दुसरा टप्पा सुरू व्हायचा होता. जुन्या केबलीच्या शेजारून नव्या केबलीसाठी चर खोदायला सोमवारी जेसीबी येणार होता. त्याच्या आत जुनी केबल नेमकी कुठून गेलीय ते चुन्यानं आखून देणं माझं काम. त्यासाठी लोकेटर नावाचं यंत्र असतं. आमचं दुरुस्तीला गेलेलं. आमच्या कंपनीतून दुरुस्तीला गेलेली वस्तू सासरी गेलेल्या लेकीसारखी, सणावारालाच परत येते.

"ड्रॉइंग है ना? ड्रॉइंग देखके लाइन मारो."

"ड्रॉइंगवर माझा विश्वास नाही, सर."

"तो किसपे है?"

"नंतर सांगते" म्हणून मी फोन ठेवला. कंपास माझ्या मालकांचा होता, म्हणजे नवऱ्याचा. हे सगळं रेड्डी सरांना कुठं सांगत बसू?

तुम्हाला सांगते. मी औरादची, मालक दुबलगुंडीचे. पोटासाठी पुण्याला गेलो ते तिथंच राहिलो. मी स्विचगिअरच्या कारखान्यात इंजिनियर, हे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मी त्यांना चिडवायला मास्तर म्हणायची, पुढं तेच नाव पडलं. रिटायर झालो की गावाकडं जाऊ, हे मास्तरांचं दर वर्षीचं. येळवस आली की दोन दिवस धड बोलायचे नाहीत. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. बिदर, कलबुर्गी, लातूरकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, शेंगभाज्यांची पातळ भज्जी आणि ज्वारीची आंबील खायची, संध्याकाळी शेताभोवती आंबील शिंपडत फिरायचं. पुण्यात मी भज्जी करून वाढायची. मास्तर खायचे आणि म्हणायचे, "चव तीच हाय, पण शेत कुठाय?"

जाऊ जाऊ म्हणता मास्तर गेले. पुण्यातच. आमच्यात जाळतात. राख नदीत सोडली आणि घरी येऊन मी त्यांची चप्पल दारातून आत घेतली. त्यानंतर बरेच महिने भिंती बघत बसले. मग ही काँट्रॅक्टची नोकरी दिसली. मुलगा म्हणाला, "आई, तुला वेड लागलंय का? ह्या वयात माळावर?" लागलं असेल. मास्तरांना यायचं होतं, ते आले नाहीत, म्हणून मी आले. त्यांचा कंपास तेवढा बरोबर आणला. सरळच सांगते, मला त्यांची रोज आठवण येते आणि ती कमी होत नाही.

असो. केबलीकडं येऊ.

सोलर पॅनेलमधून निघणारी वीज डीसी असते. म्हणजे एकाच दिशेनं, एकसारखी वाहणारी. घरातल्या विजेची दिशा सेकंदात शंभरदा पालटते, तिच्यापुढं कंपासची सुई बावचळून जागच्या जागी राहते. डीसीचं तसं नाही. तारेतून करंट संथ वाहतो आणि तारेभोवती चुंबकत्वाची कडी तयार होतात. मास्तर वर्गात उजवा हात वर करायचे, अंगठा ताठ, बोटं वळवलेली. "अंगठा जातो तिकडं करंट, बोटं वळतात तसं चुंबकत्व." घरात मेथी निवडतानासुद्धा कुणी विचारलं की तोच अंगठा.

हिशेब अवघड नाही. करंट दुप्पट केला की चुंबकत्व दुप्पट. अंतर दुप्पट केलं की निम्मं. डिसेंबरात ऊन स्वच्छ असतं, तेव्हा दुपारी आमच्या एका केबलीतून दोनशेच्या आसपास अँपिअर जातात. त्या केबलीपासून एक मीटरवर जेवढं चुंबकत्व भरतं, तेवढाच आपल्या भागात पृथ्वीचा आडवा ओढा आहे. पृथ्वी सुईला उत्तरेकडं ओढते. केबल दक्षिणोत्तर असेल तर ती सुईला आडवं, पूर्वेला नाहीतर पश्चिमेला ओढते. दोघींचा जोर सारखा, मग सुई बिचारी मधे जाऊन थांबते. बरोबर अर्धा काटकोन.

पण हे केबल एकटी असेल तर. केबली जोडीनं जातात. एक प्लस, एक मायनस, म्हणजे एक करंट नेणारी आणि एक परत आणणारी. दिशा उलट, म्हणून चुंबकत्व उलट. दोघी एका चरात अंगाला अंग लावून टाकल्या की एकीचं दुसरी खाऊन टाकते. वर जमिनीवर सुई जेमतेम दोन-तीन अंश हलते, तेही डोळ्यात तेल घालून बघितलं तर. "नवरा-बायको गुण्यागोविंदानं एका घरात असले की शेजाऱ्याला आवाज जात नाही," असं मास्तर शिकवायचे. आमच्या घरातला जायचा, ते वेगळं.

तर त्या शुक्रवारी मी पाट सरकवत निघाले. चर दक्षिणोत्तर, ड्रॉइंगवर पट्टीनं मारलेली सरळ रेघ. पहिल्या निम्म्या भागात सगळं ठीक. सुई दोन अंश, तीन अंश. मी चुन्याची ठिपकी टाकत चालले होते. पुढं एका रांगेपाशी मी पाट जरा पूर्वेला ठेवला आणि सुई गर्रकन वळली. अर्धा काटकोन! मला वाटलं पॅनेलच्या खांबांचं लोखंड असेल. पाट पश्चिमेला नेला. सुई तेवढीच, पण उलट्या बाजूला. परत मधे आणला, ड्रॉइंगच्या रेघेवर. सुई सरळ उत्तरेला, गपचिप.

खांबांमुळं सुई फिरली असेल तर ती करंट नसतानाही फिरायला पाहिजे. शनिवारी उजाडायच्या सुमारास, पॅनेलं झोपेत असताना, मी त्याच खुणांवर पाट ठेवून बघितला. सुई सगळीकडं जवळपास उत्तरेला. म्हणजे लोखंड नाही, करंटच.

मग बसून आकडे मांडले. अर्धा काटकोन म्हणजे एकटी केबल, दोन हात म्हणजे मीटरभर खोलीवर. पूर्वेला एक, पश्चिमेला एक, मधे सहा-सात हात अंतर. जोडीनं टाकायच्या केबली तिथं फुटल्या होत्या. एक इकडून, एक तिकडून, आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र. ड्रॉइंगवर सरळ रेघ, जमिनीत डोळ्यासारखा आकार!

माझं टाळकं सरकलं. नवा चर ड्रॉइंगच्या रेघेपासून दीड मीटर पूर्वेला धरला होता. म्हणजे बरोबर प्लस केबलीच्या डोक्यावर. जेसीबीचा दात दोनशे अँपिअर डीसीवर बसला असता. घरातल्या विजेची ठिणगी विझते तरी. डीसीची विझत नाही, ताणली जाते. ड्रायव्हर जागेवर भाजला असता.

केबल टाकणाऱ्या टोळीचा मुकादम नरसप्पा, आमच्याच औरादचा. आता तो दुसरीकडं कामावर होता. मी फोन लावला.

"नरसप्पा, अकलेचा कांदा आहेस का रे तू?"

"अक्का? काय झालं अक्का?"

"शेवटच्या निम्म्यात दोन केबली दोन बाजूला कामून टाकलास? ड्रॉइंग वाचता येत नाही का डोळे गहाण ठेवलेस?"

 

"अक्का," तो म्हणाला, "रागवू नगा. तितं इभूती लागली."

"काय लागलं?"

"इभूती. कपाळाला लावत्यात ती. माती लाल, आन् मधी पांढरं लागलं. आधी वाटलं चुना हाय. हातावर घेतलाव तर इभूतीचे गोळे. समाधी हाय की वो तितं कुणाची तरी. माझ्या टोळीतल्या दोघांनी फावडीच टाकली. त्यांच्यात तसंच पुरतात, बसवून, इभूती घालून. हात चालंना कुणाचा."

"मग?"

"मग काय. माती परत लोटलाव. चप्पल काढून हात जोडलाव. आन् वळसा घातलाव."

"अरे पण वळसा एका बाजूनं घालायचा, दोन्ही केबली घेऊन!"

"वायर पुरंना, अक्का. मापात कापून आलती. दोन्ही एकाच अंगानं न्यायच्या तर लई वाकवावं लागायलं. एक इकडनं, एक तिकडनं, थोडी थोडी वाकवली तर बरोबर पुरली."

"आणि हे कुणाला सांगितलं कामून नाहीस?"

"कुणाला सांगू? तुमी तवा न्हवत्याव. साहेब लोक म्हनले असते, सरळ खोद."

म्हणालेच असते. मी फोन ठेवला. माझा राग कुठं गेला कळलं नाही. कारण समाधी कुणाची, हे मला एका क्षणात कळलं होतं.

गुरलिंगप्पा. शेजारच्याच गावचे, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला पांढरा रुमाल. दर सोमवारी बेलाची पानं घेऊन गेटवर यायचे. ह्या माळाचा एक तुकडा त्यांचा. पोरांनी तो लीजवर कंपनीला दिला. त्यातच त्यांच्या बायकोला, काशीबाईला, समाधी दिलेली. कट्टा बांधायचा राहिला होता, खूण म्हणून एक धोंडा आणि बेलाचं रोपटं. जागा सोडून काम करायचं असं तोंडी ठरलं होतं. पण जमीन सपाट करणारा ग्रेडरवाला दूरचा, त्याला ना इथली बोली कळत होती ना धोंडा. एका दुपारीत बांध, चिंच, धोंडा, सगळं सारखं झालं.

वॉचमन त्यांना आत सोडायचा नाही. मी आल्यावर एका सोमवारी हेल्मेट घालून त्यांना आत नेलं. ते चालत राहिले. थांबले, वळले, परत आले.

"हितं चिंच होती," ते म्हणाले. "चिंचंपसनं उगवतीला चालायचं. पर चिंच कुठाय?"

"रांग आठवती का अप्पा, अंदाजानं?"

"सगळ्या काचा सारख्याच दिसायल्यात, अक्का. माझ्याच रानात मला वाट घावंना." मग शेवटी त्यांनी एका पॅनेलच्या सावलीत, कुठल्याही एका, पानं ठेवली. "हितंच कुठंतरी हाय म्हनून ठेवायलोय. चुकलं तर तीच वळखून घेईल," म्हणाले, आणि डोळे पुसले नाहीत. तसेच गेले.

त्या दिवशी मी खोलीवर जाऊन जेवले नाही. त्यांच्याकडं निदान हरवायला जागा होती. माझ्याकडं तीही नव्हती. असा हेवा करावा का माणसानं? केला मी.

आणि आता सोमवारी जेसीबी येणार होता. दीड मीटर पूर्वेला म्हणजे केबलीवर, आणि चराची रुंदी धरली तर समाधीच्या काठावर. तिथं एकदा बकेट फिरली असती तर विभूती मातीत मिसळून गेली असती आणि गुरलिंगप्पांना जागा जन्मात सापडली नसती.

रेड्डी सरांना फोन लावला.

"सर, चर सरकवायला पाहिजे. ड्रॉइंग चुकीचं आहे. प्लस केबल चराच्या खाली आहे, जिवंत."

"पक्का?"

"पक्का. करंटचा आकडा आहे, कोन आहे, हिशेब आहे. पाठवते."

"किसने हटाया केबल?"

"काशीबाईनं."

"ये कौन? लेबर?"

मी सगळं सांगितलं.  

"मॅडम," ते म्हणाले, "चार मीटर सरका दो. रिपोर्ट में कारण केबल लिखो. बाकी मेरेको कुछ नै मालूम." फोन ठेवता ठेवता, "बुड्ढे को बुलाओ. हेल्मेट पैनाओ लेकिन."

रविवारी दुपारी मी गुरलिंगप्पांना बोलावलं. रुमालावर हेल्मेट बसेना, रुमाल काढायला ते तयार होईनात. शेवटी हेल्मेट रुमालावरच टोपलीसारखं ठेवलं आणि एका हातानं धरून ते चालले.

चुन्याची ठिपकी मी आधीच टाकली होती. तरी म्हटलं, त्यांनी स्वतः बघावं. कुणी सांगितलं म्हणून मानायचं आणि स्वतःला सापडायचं, ह्यात फरक आहे. पाट खाली ठेवला, कंपास त्यावर.

"अप्पा, ही सुई बघा. आणि पाट हळूहळू सरकवा, मावळतीकडनं उगवतीकडं."

ते उकिडवे बसले. पाट सरकवू लागले. सुई थरथरली, मग एका अंगाला झुकत गेली, झुकत गेली, अर्धा काटकोन.

"काय खाली?"

"वायर. तिच्यातनं करंट जायलाय. सरकवा पुढं."

सुई परत येऊ लागली. आणखी सरकवला. सुई उत्तरेला येऊन थांबली, हलेना.

"अजून पुढं."

सुई आता दुसऱ्या अंगाला झुकली.

"ही दुसरी वायर. आता परत मधे आणा."

मधे सुई का शांत होते तेही सांगते. दोन्ही केबलींचं आडवं चुंबकत्व तिथं उलट दिशांचं आणि सारखं, म्हणून फिटतं. उभं मात्र बेरजेत जातं, पण आडव्या कंपासच्या सुईला उभ्याचं काही घेणं नसतं. ती आपली निवांत. मला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी गुरलिंगप्पांनी पाट मागं आणला आणि सुई सरळ होऊन थांबली, तेव्हा मीही पाटाशी वाकून बघत राहिले.

"हितं?" त्यांनी विचारलं.

"हितंच. वायरवाल्यांना इभूती लागली होती, अप्पा. त्यांनी मधली जागा सोडली. दोन्ही बाजूंनी गेले."

त्यांनी पाट उचलून बाजूला ठेवला. जमिनीवर हात ठेवला. हेल्मेट घरंगळत गेलं, त्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"काशे," ते म्हणाले. एवढंच. मग कितीतरी वेळ हात तसाच.

मी तोंड फिरवून खांब बघत राहिले. खांबाला बघण्यासारखं काहीही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अक्का, एक इचारू? दोन्हीकडनं येवढी वीज जायलीय. तिला तरास होत असंल का?"

हसू नका. माझ्या सबंध नोकरीत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हिशेब करूनच उत्तर दिलं. चुंबकत्व मधोमध जमिनीवर किती? पृथ्वीचा आडवा ओढा जेवढा, जवळपास तेवढंच आणखी एक. आपण सगळे जन्मभर त्यात राहतो, काही होत नाही. आणि जोर? करंट वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींवर जोर लावतात. करंट एका दिशेनं असेल तर जवळ ओढतात, उलट दिशेनं असेल तर दूर ढकलतात. आमच्या केबली उलट. दोनशे अँपिअर, तीन मीटर अंतर. मी काडीनं मातीत गुणाकार केला.

"मीटरभर वायरीवर तुरीच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाएवढा जोर पडतोय, अप्पा. जास्त नाही."

"कुन्या बाजूला?"

"बाहेरच्या. दोघी एकमेकींना ढकलायल्यात. म्हणजे दोघी समाधीपासनं लांब सरकायला बघायल्यात."

 त्यांनी मान हलवली.

"म्हंजे अंग चोरून उब्या हायत. मग बरं हाय."

सोमवारी जेसीबी आला आणि चार मीटर सरकून चर खोदून गेला. ड्रायव्हरला आपण कशातून वाचलो हे कळलं नाही. त्यानं चहा मागितला, पिला, गेला. आमच्या धंद्यात काम नीट झालं की असंच असतं, काही घडतच नाही.

चार दिवसांनी येळवस. रेड्डी सरांनी गुरलिंगप्पांना एक तासाची परवानगी दिली, लेखी नाही, फोनवर. कोप करता येत नव्हती, तर त्यांनी कडब्याच्या चार पेंढ्या आणून मधोमध उभ्या केल्या. सुनेनं भज्जी आणि आंबील पाठवली होती. त्यांनी विभूती लावली, बेल वाहिला, द्रोण ठेवला. मग मडक्यात कडब्याची पेंढी बुडवून "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा घोष करत आंबील शिंपडत जागेभोवती फिरले. मी उभी राहून बघत होते. त्यांना चुन्याच्या ठिपक्या दिसत नव्हत्या, त्या पुसट झाल्या होत्या. पण म्हातारा एका अंगानं प्लसवरनं गेला आणि दुसऱ्या अंगानं मायनसवरनं परत आला, करंट फिरतो तसाच.

फेरी झाल्यावर त्यांनी मला द्रोण दिला.

"खा अक्का. काशीच्या हातची न्हाई, पर तिनंच शिकिवलेली हाय."

मी घास घेतला. चव तीच होती. आणि ह्या वेळी शेतही होतं. पण मास्तर नव्हते. मला रडू आवरेना, आणि एकदा सुरू झाल्यावर मी ते आवरलंही नाही. मास्तर गेले तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा लोक होते, सामान होतं, मुलाचं विमान होतं.

गुरलिंगप्पा शेजारी येऊन बसले. माझं झाल्यावर म्हणाले, "मालक?"

"व्हय. दुबलगुंडीचे. येळवशीला गावाकडं यायचं यायचं करत राहिले."

"कुठं ठिवलंय त्यांना?"

"कुठंच नाही, अप्पा. नदीत सोडलं. जागा नाही त्यांना."

ते उठले. दुसरा द्रोण भरला आणि काशीबाईच्या द्रोणाशेजारी, हातभर अंतर सोडून, ठेवला. कडब्याची एक पेंढी काढून त्याच्या मागं उभी केली.

"आता हाय," ते म्हणाले. "बसू द्या हितं. काशीला बी बोलायला कुनीतरी पायजेच. ती गप बसनारी न्हवती, आन् मला तर रोज येनं व्हईना आता."

"आमचे मास्तर फिजिक्स शिकवायचे, अप्पा. ऐकून ऐकून वैतागतील काशीबाई."

"वैतागू द्या. चाळीस वरीस मला वैतागवलीय."

मी कंपास काढला. पाट नव्हता, भुईवरच ठेवला, दोन द्रोणांच्या मधे. ऊन कलायला लागलं होतं तरी करंट बराच होता. सुई जरा थरथरली आणि उत्तरेला तोंड करून थांबली. मी उजव्या हाताचा अंगठा ताठ केला, बोटं वळवली आणि कुणी बघायच्या आत हात पदराआड घेतला.

ह्यातून धंद्याचा धडा काय, असं नवी पोरं विचारतात. धडा हा, की ड्रॉइंगवर काय करायचं होतं ते असतं, जमिनीत काय केलं ते असतं, आणि दोन्हीत तफावत निघाली तर आधी शिव्या देऊ नका, कारण विचारा. मी शिव्या आधी दिल्या होत्या. नरसप्पाला नंतर फोन करून भज्जी पाठवली.

नवं ड्रॉइंग मी स्वतः केलं. रेघेच्या मधे तो डोळा काढला, अंतरं टाकली, खाली लिहिलं, "इथे केबली वेगळ्या होतात. खोदू नये. समाधी, दोन."

रेड्डी सरांचा लगेच फोन. "मॅडम, समाधी तो एक है ना? आपने दो लिखे."

"दोनच आहेत, सर," मी म्हटलं. "सही करा."

त्यांनी केली.